तांब्याच्या टबातला डॉक्टर : झाँ-पॉल मारा आणि निदान न झालेली खाज

ओजिमा (टोकियो) : १३ जुलै १७९३ च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये न्हाणीच्या टबात बसलेल्या एका माणसाचा खून झाला. झाक-लुई दाविद या चित्रकाराने तो प्रसंग रंगवला आणि झाँ-पॉल मारा हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. लेखणी धरलेला लोंबता हात, डोक्याला गुंडाळलेले पांढरे फडके, मान कलंडलेली. चित्र पाहणाऱ्याला एक साधा प्रश्न मात्र सहसा पडत नाही : क्रांतीचा इतका मोठा पुढारी ऐन धामधुमीत तासन् तास टबात का बसला होता? उत्तर त्याच्या त्वचेत होते, आणि दाविदने नेमकी तीच चित्रातून पुसून टाकली. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात असलेल्या त्या चित्रातील माराचे अंग संगमरवरासारखे नितळ आहे. प्रत्यक्षात ते खाजवून सोललेले, फोडांनी व खपल्यांनी भरलेले होते.

माराचा जन्म २४ मे १७४३ रोजी न्यूशातेल संस्थानातील बुद्री या गावी झाला. हा भाग आज स्वित्झर्लंडमध्ये आहे; त्या काळी तेथे प्रशियाच्या राजाचा अंमल होता. वडील सार्डिनिया बेटावरील काल्यारीचे, एकेकाळचे कॅथलिक धर्मसेवक; धर्मांतर करून ते कॅल्व्हिनपंथी झाले होते. आई फ्रान्समधून धर्मच्छळामुळे परागंदा झालेल्या ह्युगनो घराण्यातील. वडिलांचे आडनाव नुसतेच ‘मारा’. मुलाने ते फ्रेंच वळणाचे दिसावे म्हणून शेवटी एक ‘त’ जोडला, जो लिहिला जातो पण बोलला जात नाही. परक्या देशात नावाचे स्पेलिंग सोयीचे करून घेण्याची ही युक्ती परदेशस्थ वाचकांना अनोळखी वाटू नये.

सोळाव्या वर्षी घर सोडून तो बोर्दोला एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलांचा शिक्षक म्हणून राहिला, मग पॅरिसला गेला आणि १७६५ च्या सुमारास लंडनला. पुढची सुमारे दहा वर्षे इंग्लंडमध्ये गेली. वैद्यक त्याने रीतसर महाविद्यालयात बसून नव्हे, तर वाचून, पाहून आणि रुग्ण तपासून शिकून घेतले. १७७४ मध्ये गुलामीच्या शृंखलांवरचे त्याचे राजकीय पुस्तक इंग्रजीत निघाले. पुढच्याच वर्षी, १७७५ मध्ये, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. ती एडिंबरोच्या डॉक्टरांच्या शिफारशीवर, प्रत्यक्ष हजेरीशिवाय मिळाली. त्यावरून विरोधकांनी त्याला पुढे भोंदू ठरवले. परंतु त्या काळी तेथे ही रीत सर्रास होती. गुप्तरोगावरील आणि डोळ्यांच्या एका विकारावरील त्याच्या पुस्तिका पाहता तो आपल्या काळाच्या मानाने बरा डॉक्टर होता असेच म्हणावे लागते.

१७७७ मध्ये पॅरिसला परतल्यावर त्याचे नशीब उघडले. राजा सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ काउंट आर्त्वा याच्या अंगरक्षक दलाचा डॉक्टर म्हणून त्याची नेमणूक झाली. पुढे राजेशाहीचा सर्वांत कडवा वैरी ठरलेला हा माणूस काही वर्षे राजघराण्याच्या पगारावर होता. हाती पैसा आला तेव्हा त्याने प्रयोगशाळा थाटली. अग्नी, प्रकाश आणि वीज यांवर प्रयोग केले. बेंजामिन फ्रँकलिननेही त्याचे प्रयोग पाहिले होते. मात्र प्रकाशाबाबत न्यूटनला खोडून काढण्याचा त्याचा दावा विज्ञान अकादमीने मान्य केला नाही. हा अपमान तो कधीच विसरला नाही. क्रांतीनंतर त्याने अकादमीवर आणि लाव्हाझिएवर तुटून पडून लिहिले. गंमत अशी की, ज्या न्यूटनशी त्याचे भांडण होते त्याच्याच प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचे त्याने केलेले फ्रेंच भाषांतर १७८७ मध्ये छापले गेले, आणि ते चांगले आहे असे जाणकार सांगतात.

१७८९ च्या सप्टेंबरात मारा पत्रकार झाला. त्याचे ‘लामी द्यु पप्ल’, म्हणजे ‘लोकांचा मित्र’, हे पत्र तो जवळजवळ एकट्याने लिहीत असे. पॅरिसमध्ये पाव महाग होता, पिठाची टंचाई होती, आणि साठेबाज, मंत्री, सेनापती, राजवाडा या सर्वांवर तो रोज नावे घेऊन तुटून पडत होता. आज त्याचे अंक वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी जाणवतात. कुणी बोलायला धजत नव्हते तेव्हा गरिबांच्या भाकरीचा प्रश्न त्याने लावून धरला. आणि त्याच हाताने माणसे मारण्याचे हिशेब मांडले : १७९० मध्ये पाचसहाशे डोकी उडवली तर क्रांती वाचेल, असे त्याने लिहिले. पुढे हा आकडा वाढत गेला.

अटकेची वॉरंटे निघाली की तो गायब होई. तळघरे, मित्रांची घरे आणि पॅरिसची भुयारी गटारे यांत त्याने दिवस काढले. दोनदा लंडनला पळाला. या काळात त्याला आधार दिला तो सिमोन एव्हरार या स्त्रीने. १७९२ पासून ती त्याची सहचारिणी झाली, आणि पत्र चालू राहावे म्हणून तिने स्वतःची पुंजी त्यात ओतली.

त्वचेचा आजार या धकाधकीच्याच वर्षांत बळावला. समकालीनांच्या वर्णनांतून जी लक्षणे हाती येतात ती अशी : सुरुवात जांघा व गुदद्वाराच्या आसपासच्या भागात, मग हळूहळू सर्वांगावर पसरणे, फोड आणि त्यांच्या जागी उरलेल्या ओल्या जखमा, झोप उडवणारी, असह्य खाज, आणि उतरत गेलेले वजन. शेवटी तो अगदी खंगला होता. गटारांतल्या घाणीमुळे हा रोग जडला, अशी समजूत तेव्हापासून आजवर चालत आली आहे. तिच्यात शिक्षेचा सूर आहे. गटारात राहिला म्हणून सडला, असा. खाजवून उघड्या पडलेल्या त्वचेत घाणीतले जंतू शिरले असतील हे खरे. पण त्याच्या बाबतीत ज्या आजारांची आज गंभीरपणे चर्चा होते, त्यांतला कोणताही केवळ घाणीमुळे होत नाही.

डॉक्टर असूनही त्याला स्वतःवर इलाज सापडला नाही. उरला तो पाण्याचा उपाय. बुटाच्या आकाराचा, वरून बराचसा झाकलेला तांब्याचा टब, त्यात औषधी द्रव्ये घातलेले पाणी, डोक्याला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके आणि टबावर आडवी टाकलेली लिहिण्याची फळी. जपानी घरांत राहणाऱ्यांना ओफुरोचे सुख ठाऊक आहे. माराच्या टबात सुख नव्हते, एवढेच की पाण्यात असताना तो काही तास खाजेविना लिहू शकत असे. पॅरिसच्या ग्रेव्हाँ संग्रहालयात असा एक टब दाखवतात. तो त्याचाच असल्याचे सांगितले जाते.

सप्टेंबर १७९२ मध्ये तो पॅरिसमधून राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला पॅरिसच्या तुरुंगांत जमावाने हजाराहून अधिक कैद्यांची कत्तल केली होती, आणि इतर प्रांतांनीही तसेच करावे असे सुचवणाऱ्या परिपत्रकावर माराची सही होती. आजारामुळे त्याचा स्वभाव हिंस्र झाला, रात्र रात्र खाजवणाऱ्या माणसाकडून वेगळी काय अपेक्षा करायची, असा बचाव काही चरित्रकारांनी केला आहे. तो पटण्यासारखा नाही. अंगाची आग सोसणारी असंख्य माणसे कुणाच्या मृत्यूची यादी लिहीत नाहीत. आणि त्या सभेत निरोगी कातडीची माणसेही तितक्याच निष्ठुरपणे मत देत होती. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत देणाऱ्यांत मारा होता, पण तो एकटा नव्हता.

एप्रिलमध्ये जिराँदिन गटाने त्याच्यावर खटला भरला. २४ एप्रिल रोजी क्रांतिकारी न्यायासनाने त्याला निर्दोष सोडले आणि जमावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. जूनच्या आरंभी जिराँदिनांचा पाडाव झाला. हा त्याच्या राजकारणाचा कळस. आणि नेमक्या त्याच वेळी शरीराने त्याला घरी बसवले. सभेला जाणे जवळजवळ बंद झाले. कोर्दलिये रस्त्यावरील घरातून तो पत्रे धाडी, अंक लिही, भेटायला येणाऱ्यांशी टबातूनच बोले.

काँ या नॉर्मंडीतील शहरातून आलेली चोवीस वर्षांची शार्लोत कोर्दे त्याला भेटायला आली ती या परिस्थितीमुळेच. तिला त्याला भर सभेत मारायचे होते. पण तो सभेत येतच नव्हता. १३ जुलैच्या सकाळी तिने पाले-रॉयालच्या दुकानातून स्वयंपाकघरातला सुरा विकत घेतला. घरी गेली तेव्हा तिला परत पाठवण्यात आले. संध्याकाळी ती पुन्हा आली. काँमध्ये जमलेल्या जिराँदिन पुढाऱ्यांची नावे सांगते, असे तिचे म्हणणे होते. सिमोनचा विरोध असतानाही आतून माराने तिला सोडायला सांगितले. तिने नावे सांगितली, त्याने ती लिहून घेतली, आणि मग तिने सुरा त्याच्या छातीत उजव्या बाजूला, गळ्याच्या खाली खुपसला. काही क्षणांतच तो गतप्राण झाला. चार दिवसांनी कोर्देचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. आजार नसता तर मारा त्या दिवशी मरता ना, असे ठामपणे कुणी म्हणू शकणार नाही. पण तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या प्रकारे मेला असता एवढे खरे.

जुलैचा उकाडा होता. अंत्यदर्शनाची सारी मांडामांड दाविदकडे होती आणि प्रेत झपाट्याने खराब होऊ लागले होते. मूळ बेत शरीर टबात बसलेल्या स्थितीत लोकांसमोर ठेवण्याचा होता. त्वचेची अवस्था पाहून तो सोडावा लागला. चादरीने जेवढे झाकता येईल तेवढे झाकले गेले. उरलेले काम कुंचल्याने केले.

माराला काय झाले होते, हा वाद दोनशे वर्षे चालू आहे. खरूज, उपदंश, महारोग, इसब, मधुमेह असे अनेक तर्क झाले. १९७९ मध्ये येलिनेक या त्वचारोगतज्ज्ञाने लक्षणांची छाननी करून ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ या विकाराकडे बोट दाखवले. इतर काहींनी ‘बुलस पेम्फिगॉइड’चे नाव घेतले. हे दोन्ही विकार दुर्मिळ अशा एका कुळातले आहेत : शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेला परकी समजते, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये पाणी साचते. फोड म्हणजे त्या दुराव्याची जागा.

मारा जिवंत असताना यांपैकी कशालाही धड नाव नव्हते. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसला फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंगने नाव दिले ते १८८४ मध्ये, म्हणजे माराच्या मृत्यूनंतर ९१ वर्षांनी. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन वेगळे रोग आहेत हे वॉल्टर लीव्हरने १९५३ मध्ये दाखवून दिले. आणि हा सारा शरीराच्या आत्मघाती प्रतिकाराचा खेळ आहे, याचा पहिला भक्कम पुरावा १९६४ मध्ये ब्यूट्नर आणि जॉर्डन यांच्या कामातून मिळाला.

पेम्फिगसचा विचार माराच्या बाबतीत बाजूला ठेवता येतो. त्यात पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिने लक्ष्य होतात, फोड वरच्या थरातच व नाजूक असतात, आणि अनेकदा सुरुवात तोंडाच्या आत होते. स्टेरॉइडच्या आधीच्या काळात बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. शेवटच्या दिवसापर्यंत पत्राचे पुरावे तपासणारा मारा त्या चित्रात बसत नाही. पेम्फिगॉइड साधारणपणे साठीनंतर गाठतो. मारा पन्नाशीतच गेला. तरीही तो अशक्य नाही, कारण पेम्फिगॉइडमध्ये कित्येक महिने फोड न येता नुसती खाजच असू शकते, आणि रुग्ण व डॉक्टर दोघेही कोरडी त्वचा, ॲलर्जी, वय असे म्हणत राहतात.

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. त्याचे मूळ आतड्यात असते. गहू, सातू यांतील ग्लुटेन हे प्रथिन काही जणांच्या शरीराला सोसत नाही. त्याविरुद्ध तयार झालेली आयजीए जातीची प्रतिपिंडे त्वचेत जाऊन साठतात आणि कोपर, गुडघे, ढुंगण, डोक्याची मागची बाजू येथे पाण्याचे बारीक फोड उठतात. खाज इतकी तीव्र की डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत एकही फोड शाबूत राहत नाही. दिसतात त्या नखांच्या खुणा. गव्हाशी असलेला आतड्याचा संबंध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिके या डच बालरोगतज्ज्ञाने शोधला, आणि त्वचेशी असलेला धागा १९६० च्या दशकात जुळला. येलिनेकचा तर्क खरा मानला, तर ज्या पावासाठी मारा पॅरिसच्या गरिबांच्या वतीने लढत होता, तोच पाव त्याचे अंग पेटवत होता. आपल्याकडची ज्वारीची भाकरी त्याला मिळती तर त्याची झोप परत आली असती. कुष्ठरोगावरचे औषध म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले डॅप्सोन या विकाराची खाज अनेकदा दोनतीन दिवसांत शमवते, हे आज कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला माहीत असते.

तर्काच्या विरुद्धही बरेच आहे. या विकाराची सुरुवात सहसा जांघेत होत नाही. माराच्या बाबतीत ती तेथे झाली, म्हणजे एकतर आजार अनवट रूपात आला, किंवा आजारच दुसरा होता. याच ठिकाणी दोन अंकांच्या कागदांची साक्ष पुढे येते. खून झाला तेव्हा मारा आपल्याच पत्राचे जुने अंक चाळत होता : ३० जून १७९१ चा ५०६ वा आणि १३ ऑगस्ट १७९२ चा ६७८ वा. दोन्हींवर त्याचे रक्त सांडले. बार्सेलोनाच्या उत्क्रांतिजीवशास्त्र संस्थेतील कार्लेस लालुएसा-फॉक्स, फ्रान्सचे फिलिप शार्लिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डागांतून डीएनए मिळवला. त्यांचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वंशाची खूण फ्रेंच आणि इटालियन अशी मिश्र निघाली, आई-वडिलांच्या घराण्यांना साजेशी. उपदंश, महारोग, खरूज यांचा मागमूस नव्हता. सापडली ती ‘मलासेझिया रेस्ट्रिक्टा’ नावाची बुरशी आणि त्वचेवरील काही जिवाणू. त्यावरून संशोधकांनी सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याच्याच जातीचा पण विकोपाला गेलेला दाह, आणि त्यात जिवाणूंची भर, असे अनुमान मांडले. डोक्याला बांधलेले व्हिनेगरचे फडके या अनुमानाशी जुळते.

तरीही खटला संपलेला नाही. मलासेझिया निरोगी माणसांच्या टाळूवरही असते. दोनशे वर्षांत त्या कागदांना कितीतरी हात लागले आहेत, आणि मिळालेला डीएनए तुटपुंजा आहे. मुख्य म्हणजे प्रतिपिंडांचा रोग जंतूंच्या यादीत दिसत नाही. त्यासाठी फोडाशेजारच्या त्वचेचा तुकडा घेऊन तो विशेष प्रकाशझोतात तपासावा लागतो, आणि माराची त्वचा आता कुणाकडेही नाही.

आजच्या टोकियोत त्याला निदान मिळाले असते. पेम्फिगसमध्ये नेमके कोणते प्रथिन लक्ष्य होते, याचा छडा लावणारा १९९१ चा निबंध ज्यांच्या नावावर आहे ते मासायुकी आमागाई याच शहरातील केइओ विद्यापीठाचे. जपानी भाषेत पेम्फिगसला तेम्पोसो म्हणतात, आणि पेम्फिगस व पेम्फिगॉइड हे दोन्ही सरकारने ठरवलेल्या दुःसाध्य रोगांच्या यादीत असून त्यांच्या उपचारखर्चाला साहाय्य मिळते. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस मात्र येथे फारच विरळ आहे, आणि होतो तेव्हा निराळे रूप घेऊन होतो : आतड्याचा विकार बहुधा आढळत नाही, आणि आयजीएचे साठे युरोपीय रुग्णांसारखे ठिपक्यांचे असण्याऐवजी पुष्कळदा तंतूंसारखे दिसतात. ग्लुटेनच्या विकाराशी निगडित जनुकीय ठेवण जपानी लोकांत क्वचित आढळते, हे त्याचे एक कारण. भारतात, विशेषतः उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात, ती तितकी दुर्मिळ नाही. त्यामुळे ओजिमाच्या वसाहतींत राहणाऱ्या भारतीय कुटुंबातील कोणाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर महिनोन् महिने न हटणारी खाज असेल, तर येथील डॉक्टरला गव्हाची आठवण आपणहून करून द्यावी लागण्याचा संभव आहे. निदान झाल्यावर पथ्य चपातीपुरते थांबत नाही. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो आणि उन्हाळ्यात गटागटा पिला जाणारा मुगिचा सातूचाच. मधुमेहावरील ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांत पेम्फिगॉइडचा एक सौम्य दिसणारा, लाली नसलेला प्रकार जपानी डॉक्टरांनी नोंदवला आहे. गोळी स्वतःहून बंद न करता ती डॉक्टरला दाखवणे इष्ट.

माराच्या देहाचे पुढे हाल झाले. हृदय कलशात घालून कोर्दलिये क्लबच्या छताला टांगले गेले. शरीर आधी क्लबच्या बागेत पुरले, सप्टेंबर १७९४ मध्ये वाजतगाजत पाँतेआँमध्ये नेले आणि काही महिन्यांतच, राजकारणाचे वारे फिरल्यावर, फेब्रुवारी १७९५ मध्ये तेथून बाहेर काढले. मोंमार्त्र टेकडीला आणि ल हाव्र बंदराला दिलेले त्याचे नाव काढून घेण्यात आले. सव्वाशे वर्षांनी सोव्हिएत नौदलाने एका युद्धनौकेला ते पुन्हा दिले.

सिमोन आणि माराची बहीण आल्बर्तीन पुढे एकत्र राहिल्या. घड्याळाचे सुटे भाग करून आल्बर्तीनने गुजराण केली. सिमोन १८२४ मध्ये वारली, आल्बर्तीन १८४१ मध्ये. रक्ताने डागाळलेले ते दोन अंक आल्बर्तीनने चाळीसहून अधिक वर्षे जपले आणि म्हातारपणी एका संग्राहकाच्या हवाली केले. लेखक अनातोल फ्रान्ससह आणखी काही हातांतून फिरत ते १९०६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचले.